समुद्रावरचा आरोपी कोणाच्या कोर्टात?



महाबळेश्वरला गेलेल्या तुमच्यापैकी अनेकांनी ‘चायनामन्स फॉल’ हा धबधबा पाहिला असेल. ज्यांच्यावरून हे नाव पडले ते चिनी लोक प्रवासी नव्हते, व्यापारीही नव्हते. ते जन्मठेपेचे किंवा लांब मुदतीचे कैदी होते. पेनांग, सिंगापूर, मलाक्का या ईस्ट इंडिया कंपनीच्या ठाण्यांवर त्यांना शिक्षा झाल्या आणि बोटीत घालून त्यांना मुंबई इलाख्यात पाठवण्यात आले. सर जॉन माल्कमच्या काळात महाबळेश्वर वसले तेव्हा घाटमाथ्यावर मजूर हवे होते. म्हणून तिथे तुरुंग बांधला आणि या चिनी व मलायी कैद्यांना रस्त्यांवर आणि बागांत कामाला लावले. साहेबलोकांना लागणारा बटाटा आणि इतर विलायती भाज्या त्यांनी त्या लाल मातीत काढल्या. ते टोपल्याही विणत. सुमारे १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. बागांची आठवण धबधब्याच्या नावात उरली आहे, कैद्यांची नावे मात्र आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाहीत.

मला आज त्यांच्या बागांविषयी बोलायचे नाही, त्यांच्या खटल्यांविषयी बोलायचे आहे. क्वांगतुंग किंवा फूचियन प्रांतात जन्मलेला, पेकिंगच्या बादशहाची प्रजा असलेला माणूस पेनांगला पकडला जातो. इंग्रज न्यायाधीश इंग्रजी कायद्याने त्याला शिक्षा ठोठावतो आणि ती शिक्षा तो सातारा जिल्ह्यात भोगतो. या तिन्ही गोष्टी एकत्र जमल्या कशा? त्या न्यायाधीशाला हा अधिकार दिला कोणी? आणि गुन्हा जमिनीवर न घडता भर समुद्रात घडला असेल, तर तो अधिकार कुठून येणार होता? कायद्याच्या पुस्तकात याला अधिकारक्षेत्राचा प्रश्न म्हणतात. वकील मंडळी तो सुरुवातीलाच एखाद्या अर्जाने उपस्थित करतात आणि बाकीच्यांना ती नुसती तांत्रिक अडवणूक वाटते. माझे मत वेगळे आहे. न्यायाचा पहिला प्रश्न हाच आहे, आणि ज्या किनाऱ्याच्या दर्यावर्दींना परक्यांनी शंभर वर्षे चाचे म्हटले, त्या किनाऱ्याने तरी तो हलका मानू नये.

कैद्यांची ही ने-आण दोन्ही बाजूंनी चाले. इकडचे कैदी सिंगापूर, पेनांगला जात आणि तिकडचे इकडे येत. सिंगापूरचे रस्ते, पूल आणि काही देवळे हिंदी कैद्यांनी बांधली, त्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. परका मुलूख, परकी भाषा आणि मध्ये काळे पाणी, यामुळे पळून जाणे कठीण होते आणि मजुरी फुकट मिळत होती. त्या ठाण्यांचा कारभार १८६७ पर्यंत कलकत्त्याहूनच चाले. १८०७ च्या सनदेने पेनांगला इंग्रजी पद्धतीचे कोर्ट आले आणि १८२६ मध्ये त्याचा अंमल सिंगापूर व मलाक्कापर्यंत वाढला. बंदरात राहणारा चिनी असो, मलायी असो वा तमिळ, गुन्हा झाला की कायदा इंग्रजीच लागू. हा अधिकार जमिनीवरून येत होता. जमीन कंपनीची, म्हणून तिथे उभा असलेला माणूसही कंपनीच्या कायद्याखाली. निदान युक्तिवाद तरी स्वच्छ होता.

हाँगकाँगला हा युक्तिवादही स्वच्छ राहिला नाही. १८४१ मध्ये बेट ताब्यात घेताना कॅप्टन एलियटने जाहीरनामा काढला की चिनी रहिवाशांचा न्याय चिनी कायद्याने आणि चालीरीतींनी होईल, फक्त शारीरिक छळ वगळून. अवघ्या तीन वर्षांत, १८४४ मध्ये, तिथे सुप्रीम कोर्ट आले आणि ते आश्वासन मागे पडले. त्याच वेळी चीनच्या मुख्य भूमीवर उलटी व्यवस्था उभी राहत होती. १८५८ च्या तिएनत्सिनच्या तहाने नक्की केले की चिनी माणसाने इंग्रजाविरुद्ध गुन्हा केला तर त्याला चिनी अधिकारी शिक्षा करतील, पण इंग्रजाने चीनमध्ये गुन्हा केला तर त्याचा न्याय इंग्रजच करतील. इंग्रज जिथे जाईल तिथे आपला कायदा सोबत घेऊन जाणार आणि चिनी माणूस इंग्रजी बेटावर पाऊल ठेवताच आपला कायदा गमावणार! आपल्याकडेही हेच होते. गोऱ्या आरोपीवर हिंदी न्यायाधीशासमोर खटला चालू नये, यासाठी १८८३ मध्ये इल्बर्ट बिलावरून केवढे वादळ उठले होते, ते आठवावे.

या व्यवस्थेत आरोपी आणि न्यायाधीश यांच्यामध्ये एक तिसरा माणूस बसत असे, तो म्हणजे दुभाषी. हाँगकाँगला डॅनियल कॉल्डवेल नावाचा अधिकारी होता. त्याला चिनी बोलता येई, त्यामुळे पोलीस, कोर्ट आणि चिनी वस्ती या तिघांचाही त्याच्यावाचून खोळंबा होई. चाच्यांची बित्तंबातमी त्याच्याकडे, ती देणारे खबरेही त्याचेच. यांतला मा चाऊ वोंग हा त्याचा जवळचा माणूस १८५७ मध्ये चाच्यांशी संगनमत केल्याबद्दल दोषी ठरला आणि त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. कॉल्डवेलने त्याच्यासाठी रदबदली केली. ज्याच्या शब्दावर कित्येक चिनी माणसे चाचे ठरली, तो स्वतःच चाच्यांच्या साथीदाराची बाजू घेत होता.

यावर जाहीरपणे तुटून पडला तो हाँगकाँगचा अ‍ॅटर्नी जनरल टॉमस चिझम अ‍ॅन्स्टी. माणूस अत्यंत भांडखोर, मित्रांनाही नकोसा व्हावा असा. पण दुभाष्याच्या हाती न्याय गहाण पडला आहे, ही त्याची तक्रार खरी होती. १८५८ मध्ये सरकारने अ‍ॅन्स्टीलाच निलंबित केले. कॉल्डवेलची नोकरी पुढच्या चौकशीनंतर, १८६१ मध्ये, गेली.

हा अ‍ॅन्स्टी पुढे मुंबईत येऊन वकिली करू लागला. १८६२ च्या गाजलेल्या महाराज लायबल केसमध्ये करसनदास मूळजींच्या बाजूने उभा राहिलेला बॅरिस्टर तो हाच. १८६५ मध्ये काही काळ तो मुंबई उच्च न्यायालयात हंगामी न्यायाधीशही होता. १८७० मध्ये तो कलकत्त्याला गेला आणि १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवाय डांबलेल्या अमीर खान या वहाबी व्यापाऱ्यासाठी त्याने हेबिअस कॉर्पसचा अर्ज लढवला. तो अर्ज फेटाळला गेला. १८७३ मध्ये अ‍ॅन्स्टी मुंबईतच वारला. मराठी वाचकांना तो फारसा माहीत नाही. माझ्या मते तो माहीत असायला हवा, कारण हाँगकाँगचे चाच्यांचे खटले आणि आपल्या देशातली विनाचौकशी कैद या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने जवळून पाहिल्या आणि दोन्हीकडे तोच आग्रह धरला, की माणसाला कोर्टापुढे आणा, आणि आणाल तेव्हा ते खरोखरीचे कोर्ट असू द्या.

त्याच्याच शेवटच्या वर्षांत हाँगकाँगला एक खटला चालू होता. या विषयातला तो सर्वांत महत्त्वाचा खटला आहे असे मी मानतो, म्हणून त्यावर थोडा थांबतो.

१८७० चा ऑक्टोबर. ‘नूव्हेल पेनेलोप’ हे फ्रेंच जहाज पोर्तुगिजांच्या मकाव बंदरातून पेरू देशाकडे निघाले. जहाजावर सुमारे ३१० चिनी कुली होते. पेरूच्या मळ्यांत आणि ग्वानोच्या बेटांवर ही माणसे कराराने नेली जात. करार कागदावर असे. प्रत्यक्षात कितीजणांना फसवून आणले होते आणि कितीजणांना पळवून, हे मकावच्या कोठड्यांनाच ठाऊक. जहाज निघून काही दिवस होतात न होतात तोच काही कुली उठले. त्यांनी कप्तानाला आणि काही खलाशांना ठार केले आणि जहाज परत चीनच्या किनाऱ्याला आणले. त्यांतला क्वोक आ सिंग नावाचा माणूस पुढच्या वर्षी हाँगकाँगला सापडला.

आता हा माणूस कोणाचा? जहाज फ्रेंच, बंदर पोर्तुगीज, आरोपी चिनी, मेलेले फ्रेंच, गुन्ह्याची जागा भर समुद्र आणि अटक इंग्रजांच्या बेटावर. चिनी अधिकाऱ्यांनी त्याला मागितले. हाँगकाँग सरकार द्यायला तयार होते. तहात तशी तरतूद होती आणि चिनी गुन्हेगार चीनच्या हवाली करण्याची सवयही होती. पलीकडच्या तीरावर काय होते हे सर्वांना माहीत असे. पुढे १८९० च्या डिसेंबरात ‘नामोआ’ आगबोट लुटली गेली, तेव्हा पुढच्या वर्षी चिनी अधिकाऱ्यांनी कौलूनच्या वाळूत आरोपींची मुंडकी उडवली आणि त्या धडांमागे उभे राहून गोऱ्या साहेबांनी छायाचित्रे काढून घेतली.

पण क्वोक आ सिंगच्या वेळी मुख्य न्यायाधीश जॉन स्मेल आडवे आले. हेबिअस कॉर्पसच्या अर्जावर त्यांनी त्याला सोडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: कुलींचा हा व्यापार म्हणजे नाव बदललेला गुलामांचा व्यापार आहे, आणि ज्याला फसवून किंवा जबरदस्तीने बोटीत कोंडले आहे, त्याला आपले स्वातंत्र्य परत मिळवण्याचा हक्क आहे. त्या झटापटीत माणूस मेला तरी तो सरळसोट खून ठरत नाही. सरकारने क्वोकला पुन्हा पकडले, या वेळी चाचेगिरीच्या आरोपावरून. स्मेलनी त्याला पुन्हा सोडले.

तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल अपील घेऊन प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. १८७३ मध्ये लंडनहून निकाल आला तो दोन तुकड्यांत. पहिली सुटका बरोबर, कारण फ्रेंच जहाजावर फ्रेंच माणसाला मारणे हा चिनी कायद्याविरुद्धचा, तहात अपेक्षित असलेला गुन्हा आहे असे दाखवले गेले नव्हते. म्हणून चीनला देता येत नाही. दुसरी सुटका मात्र चूक, कारण जहाज बळाने काबीज करणे ही सर्व राष्ट्रांच्या कायद्याने चाचेगिरी आहे. तिचा न्याय करायला आरोपी कुठला आणि जहाज कुठले हे पाहावे लागत नाही. तो ज्या देशाच्या हाती लागेल, त्या देशाचे कोर्ट पुरेसे आहे.

कायद्याचे विद्यार्थी या निकालाचा दुसरा भाग पाठ करतात. चाचा हा साऱ्या मानवजातीचा शत्रू, म्हणून कोणीही त्याला शिक्षा करावी. मला तो भाग वाचताना अस्वस्थ वाटते. कोणत्याही देशाचे कोर्ट चालेल असे म्हणताच, मुळात हे लोक जहाजावर आले कसे हा स्मेल यांचा प्रश्न बाजूला पडतो. मकावच्या दलालाला चाचा म्हणायला कोणत्याही राष्ट्राचा कायदा तयार नव्हता. कोंडलेली माणसे उठली तर मात्र सर्व राष्ट्रांचा कायदा एका क्षणात लागू होतो. याआधी, १८४८ मध्ये, हाँगकाँगचे चिनी कैदी पेनांगला नेणाऱ्या ‘जनरल वूड’ जहाजावरही असाच रक्ताचा उठाव झाला होता. त्या कैद्यांत खरे दरोडेखोर असतीलही. म्हणूनच प्रत्येकाचा वेगळा, नीट न्याय व्हायला हवा, आणि ‘चाचा’ हा शिक्का तो न्याय टाळायला सोयीचा पडतो.

हे आपल्या किनाऱ्याने सोसलेले आहे. १७१३ मध्ये ज्या कान्होजी आंग्र्यांना शाहू छत्रपतींनी सरखेल केले, त्यांनी किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडून दस्तक मागितले. पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षे हेच करत होते, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. पोर्तुगिजांनी मागितले तर तो राज्याचा हक्क आणि कान्होजींनी मागितले तर ती लूट? कंपनीने त्याच वर्षी कान्होजींशी तह केला होता, आणि तह कोणी चाच्याशी करत नाही. पुढे बिनसले की त्याच कागदांत ते पुन्हा चाचे झाले. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले, पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून आले. मराठ्यांचे आरमार मराठ्यांच्याच संमतीने जळाले, ही वेदना मी इथे फक्त नोंदवतो. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपये मिळाले. मोहिमेवर निघण्यापूर्वीच मुंबईत बसून इंग्रज अधिकाऱ्यांनी आपापसांतले हिस्से ठरवले होते. विजयदुर्गाचे धनी तुळाजी आंग्रे पेशव्यांच्या कैदेतच वारले. त्यांच्यावर चाचेगिरीचा खटला कोणी चालवला नाही, त्याची कोणाला गरजही वाटली नाही.

आणि खरे चाचे? १६९५ मध्ये हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रजाने मक्केहून सुरतेला परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ जहाज लुटले, यात्रेकरूंवर अत्याचार केले. बादशहाने सुरतेची इंग्रज वखार बंद करून माणसे कैदेत टाकली. एव्हरी सापडला नाही. त्याच्या काही साथीदारांवर १६९६ मध्ये लंडनला खटला उभा राहिला, आणि ‘गंज-ए-सवाई’च्या लुटीच्या आरोपातून ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. मग सरकारने दुसरा आरोप लावला, की त्यांनी मुळात स्वतःचे इंग्रज जहाज बंड करून पळवले. त्यावर मात्र ते दोषी ठरले आणि पाचजण फासावर गेले. हिंदी यात्रेकरूंवरच्या अत्याचाराबद्दल त्या खटल्यात कोणालाही शिक्षा झाली नाही.

पुढच्या शतकात चाचा ठरवण्याला रोख किंमतही आली. १८२५ च्या ब्रिटिश कायद्याने लढाईत मारलेल्या किंवा पकडलेल्या प्रत्येक चाच्यामागे २० पौंड बक्षीस ठेवले. १८४९ मध्ये बोर्निओच्या किनाऱ्यावर जेम्स ब्रूकच्या मोहिमेत एका रात्रीत शेकडो दायाक मारले गेले आणि बक्षिसाची रक्कम २०,७०० पौंड झाली. ते सारे खरोखर चाचे होते का, यावर पार्लमेंटात वाद झाला आणि पुढच्या वर्षी ती बक्षिसाची पद्धत रद्द करावी लागली. मारणाऱ्याने ठरवायचे की मेलेला चाचा होता, आणि त्यावरच त्याला पैसे मिळायचे. असा कायदा पंचवीस वर्षे चालला.

कोकणात इंग्रजांनी १८१२ मध्ये कोल्हापूरकडून मालवण आणि सावंतवाडीकडून वेंगुर्ले घेतले, तेही चाचेगिरी मोडण्याच्या नावाखाली. मग पेशवाई गेली आणि सारा किनारा त्यांच्या कायद्याखाली आला. कायदा किनाऱ्यापासून समुद्रात किती आत जातो, हा प्रश्न १८७१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला तो कोणा दरोडेखोरामुळे नव्हे, तर मच्छीमारांमुळे. एका गावच्या लोकांनी समुद्रात रोवलेले जाळ्यांचे खुंट दुसऱ्या गावच्या लोकांनी उपटले. कस्त्या रामा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकालात कोर्टाने सांगितले की किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंत भारतीय दंडसंहिता लागू आहे. किनाऱ्यावरच्या भांडणातून एवढा मोठा सिद्धांत निघाला. आज ती हद्द बारा सागरी मैल आहे.

रत्नागिरी जिल्ह्याला या विषयातली आणखी दोन नावे जवळची आहेत. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाचे राजे थिबा यांना कोणत्याही कोर्टापुढे न आणता मंडालेहून उचलले. १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते रत्नागिरीत होते. कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवून केलेली शिक्षा तीस वर्षे चालू शकते, ते रत्नागिरीने पाहिले. पुण्याच्या नातू बंधूंना १८९७ मध्ये अमीर खानच्या वेळेसारख्याच एका रेग्युलेशनखाली, १८२७ च्या पंचविसाव्या, बिनचौकशी अडकवले होते. दुसरे नाव सावरकरांचे. ८ जुलै १९१० रोजी त्यांनी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली. फ्रान्सच्या भूमीवर पाऊल पडल्यावर पकडून परत नेण्याचा अधिकार इंग्रजांना होता का? मुंबईतल्या विशेष न्यायमंडळाने सांगितले की आरोपी समोर कसा आणला गेला यामुळे आमचा अधिकार जात नाही. २४ फेब्रुवारी १९११ च्या हेगच्या लवादाने मान्य केले की त्यांना परत सोपवण्यात अनियमितता झाली, पण परत देण्याचे बंधन इंग्लंडवर नाही असे ठरवले. या निकालाशेजारी हाँगकाँगच्या स्मेल यांचा निकाल ठेवून वाचावा. एक न्यायाधीश विचारतो, हा माणूस माझ्यापुढे योग्य रीतीने आला आहे का? बाकीचे म्हणतात, आला आहे एवढे पुरे.

पुन्हा हाँगकाँगकडे येऊ. १९३१ मध्ये भर समुद्रात सशस्त्र चिनी टोळीने एका चिनी मालवाहू जंकचा पाठलाग केला. लूट हाती लागण्याआधीच त्यांना पकडून हाँगकाँगला आणले. प्रत्यक्ष लूट झाली नाही म्हणून तिथल्या कोर्टाने त्यांना सोडले. १९३४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मत दिले की फसलेला प्रयत्नही चाचेगिरीच आहे. आरोपींची सुटका मात्र कायम राहिली. या निकालाचा आधार जगभर घेतला जातो.

आता आपल्या स्वतंत्र देशाकडे येऊ. २२ ऑक्टोबर १९९९ ला ‘अलोंद्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज सुमारे सात हजार टन अ‍ॅल्युमिनियम घेऊन इंडोनेशियाहून जपानला निघाले आणि लगेच लुटले गेले. १७ खलाशांना चाच्यांनी तराफ्यावर सोडून दिले. दहा-अकरा दिवसांनी एका थाई मच्छीमार बोटीने त्यांना वाचवले. जहाजाचे नाव बदलून ‘मेगा रामा’ केले होते. नोव्हेंबरच्या मध्यात अरबी समुद्रात ते तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ बोटीने हेरले आणि नौदलाच्या ‘प्रहार’ने गोळीबार करून थांबवले. पंधरा इंडोनेशियन आरोपी मुंबईला आणले गेले. महाराणी ताराबाईंच्या नावाची बोट आंग्र्यांच्या समुद्रात चाच्यांमागे लागली, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मलाही वाटतो.

पण कोर्टात उभे राहिल्यावर प्रश्न आला: कोणता कायदा? भारतीय दंडसंहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. दरोडा, खुनाचा प्रयत्न, बनावट कागद अशी कलमे लावावी लागली आणि १८४९ च्या ब्रिटिश कायद्यापर्यंत मागे जावे लागले. जहाज आपले नव्हते, मालक आपले नव्हते, आरोपी आपले नव्हते, पहिला गुन्हा आपल्या पाण्यात नव्हता. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने चौदा जणांना सात वर्षांची शिक्षा दिली, एकजण त्याआधीच वारला होता. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्या वेळी पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली की नौदलाची मेहनत वाया गेली. मला ती सुटका लाजिरवाणी वाटत नाही. लाजिरवाणे हे होते की पन्नास वर्षे प्रजासत्ताक असलेल्या देशाने आपल्या समुद्रासाठी कायदा केला नव्हता आणि हाँगकाँगच्या काळातल्या कागदावर तो विसंबून होता.

सोमाली चाच्यांच्या वेळीही तेच घडले. २०११ मध्ये आपल्या नौदलाने चार मोहिमांत सुमारे १२० जणांना पकडून मुंबईला आणले. ते तळोजाच्या तुरुंगात राहिले. २०१७ मध्ये गुन्हा कबूल केल्यावर त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. सहा वर्षे खटला चालला आणि त्यांची भाषा जाणणारे मुंबईत फार थोडे. खटल्यातली माणसे दुभाष्याच्या तोंडून जगत होती. कॉल्डवेलची गोष्ट मी इतकी लांबवली ती यासाठी.

अखेर संसदेने २०२२ च्या डिसेंबरात सागरी चाचेगिरीविरोधी कायदा मंजूर केला. त्यात चाचेगिरीची व्याख्या आहे, आरोपी कोणत्याही देशाचा असला तरी आपले नेमलेले सत्र न्यायालय खटला चालवू शकते, आणि जन्मठेप व मृत्युदंडापर्यंतच्या शिक्षा आहेत. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने सुमारे चाळीस तासांच्या मोहिमेनंतर ‘रुएन’ जहाजावरचे ३५ सोमाली पकडले, १७ खलाशी सोडवले आणि आरोपी मुंबई पोलिसांच्या हवाली केले.

कायदा आला ही चांगली गोष्ट आहे, आणि तो आपला आहे. तरी त्यातल्या एका तरतुदीकडे मी तुमचे लक्ष वेधतो. विशिष्ट परिस्थितीत, म्हणजे आरोपीजवळ शस्त्रे किंवा तशी साधने सापडली आणि ती चाचेगिरीसाठी वापरली असावीत असे मानायला कारण असले, तर गुन्हा केला असे कोर्ट गृहीत धरेल आणि तसे नाही हे आरोपीने सिद्ध करायचे. भर समुद्रात, एकटा, परक्या भाषेत, परक्या शहरात त्याने ते कसे सिद्ध करावे? सोमाली आरोपींपैकी कित्येकांनी सांगितले होते की आम्ही मच्छीमार आहोत. काहींचे ते खोटेही असेल. पण शास्त्री नदीच्या काठच्या खाडीगावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे खलाशी म्हणून जगभर गेली आहेत. सारंग आणि तांडेल म्हणून कोकणी मुसलमानांची किती घरे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात आहेत ते तुम्हाला माहीत आहे. त्यांपैकी एखादा उद्या एडनच्या आखातात दुसऱ्या देशाच्या नौदलाच्या तावडीत सापडला आणि आपण कोण हे त्यालाच सिद्ध करायला सांगितले, तर आपण काय मागू? सरकारी वकिलाने आधी त्याचा गुन्हा दाखवावा, आणि त्याला समजणारा, कोणाचाही हस्तक नसलेला दुभाषी मिळावा.

२०१९ च्या जूनमध्ये ‘वायू’ चक्रीवादळापासून बचावासाठी चीनच्या दहा मासेमारी बोटी आपल्या दाभोळ बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. तटरक्षक दलाने त्यांना येऊ दिले आणि त्यांच्यावर नजरही ठेवली. वादळात सापडलेल्या जहाजाला आसरा देणे हा समुद्राचा जुना नियम, आणि आत आलेल्यावर कायद्याने पहारा ठेवणे हाही. दाभोळला दोन्ही एकाच वेळी पाळले गेले.

कोर्टांपुढे माझी मागणी एवढीच आहे. २०२२ च्या कायद्याखाली मुंबईत जे खटले चालतील, त्यांच्या पहिल्या सुनावणीला न्यायाधीशांनी आधी नोंद करावी: हा आरोपी कुठे पकडला, कोणत्या पाण्यात, कोणत्या अधिकाराने, आणि त्याला दिलेला दुभाषी कोण. ही नोंद खुली असावी आणि निकालपत्र मराठीत उपलब्ध व्हावे. रत्नागिरी आणि देवरूखच्या ग्रंथालयांनी ते मागवून ठेवावे.